मिरीची डावी बाजू

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, घोड्यांच्या पागेत मोतद्दार आहेत. अंग घासून खरारा करायचा, दाण्याची चंदी आणि पाणी बघायचं, लीद उचलायची, खुरांतले खडे काढायचे, आणि घोडेस्वारी शिकायला आलेलं मूल घोड्याला भ्यालं किंवा घोडा मुलाला भ्याला तर दोघांची समजूत काढायची, हे त्यांचं काम. पागेत त्यांना सगळे ‘पुटपुटे’ म्हणतात. आडनाव नाही ते. काम करताना त्यांचे ओठ सारखे हलत असतात, घोड्यांशी काहीतरी बोलणं चालू असतं, म्हणून. माणसांशी बोलायची वेळ आली की आधी खोकतात.

मीही त्याच पागेत काम करते. घोड्यांच्या झुली शिवते, खोगिराखालच्या फाटलेल्या गाद्या दुरुस्त करते. दाण्याच्या कोठीला लागून माझी खोली आहे, खिडकी चौकात उघडते, आणि खिडकीखालीच मशीन. त्यामुळे हे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी मशीनवर बसून पाहिलेलं आहे, आणि बाकीचं घरी वाढता वाढता ऐकलेलं.

भाऊजी मिसरूड फुटायच्या आधीपासून घोड्यांत आहेत. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं, पण मुलगी म्हणाली, ह्यांच्या कपड्यांना वास येतो. मला फार राग आला होता. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तिनं खरं तेच सांगितलं. खोटं बोलून आली असती आणि जन्मभर नाक दाबून बसली असती, ते बरं झालं असतं का?” त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही नाही. घरात ते असून नसल्यासारखे असतात. वाढलं ते जेवतात, स्वतःचं ताट स्वतः धुतात. ह्यांचा कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचा गाळा आहे. संध्याकाळी दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून एक शब्द न बोलता चहा पितात आणि त्याला गप्पा म्हणतात.

त्यांचे हात मात्र वाईट आहेत. साबण, ओल, चामड्याला लावायचं तेल, सगळ्यांनी मिळून त्या हातांची वाट लावली आहे. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटते, खाज सुटते, रक्त येतं. चामडीच्या डॉक्टरांनी एक मलम दिलं आहे. ते दिवसातून दोन-तीनदा लावलं की हात हातांसारखे राहतात. घरून निघताना लावायचं आणि ट्यूब खिशात टाकायची, हे त्यांचं कित्येक वर्षांचं आहे.

पागेत मिरी नावाची घोडी होती. पांढुरकी, अंगभर बारीक काळे ठिपके, कुणीतरी मिरपूड भुरभुरल्यासारखे. नवशिक्या मुलांना पहिल्यांदा तिच्यावरच बसवायचे. मूल वर बसून रडायला लागलं की ती मान मागे वळवून त्याच्या बुटाचा वास घ्यायची. बहुतेक मुलं तेवढ्यानं गप्प व्हायची. भाऊजींचा तिच्यावर जीव होता, पण ते कधी बोलले नाहीत. फक्त ती बांधलेली असायची त्या ठाणापाशी त्यांचे ओठ जरा जास्त हलायचे.

मग तिला खाज सुटायला लागली. ऊन तापायला लागलं की सुरू व्हायची आणि हवा गार होईपर्यंत थांबायची नाही. मान, आयाळ आणि शेपटीचं मूळ ती खांबाला घासायची. आयाळीचे केस झडून खाली लाल कातडी दिसायला लागली, शेपटीचा झाडू झाला. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. पहिल्या वर्षी गुण आला, पुढच्या वर्षी निम्मा आला. मी मानेपासून शेपटीपर्यंत बारीक जाळीची झूल शिवून दिली. ती तिनं खांबाला घासून घासून चिंध्या केली. दुसरी शिवली, तिचंही तेच.

आणि एकदा शिकवणी चालू असताना पाठीवर मूल असूनही तिला राहवलं नाही. ती कुंपणाला जाऊन अंग घासायला लागली आणि मुलाचा पाय मध्ये सापडला. पायाला प्लास्टर घालावं लागलं.

पागेच्या मालकीण, आम्ही त्यांना बाईसाहेब म्हणतो, त्या दुष्ट नाहीत. पण मुलाचे आई-वडील त्यांच्यासमोर उभे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी भाऊजींना बोलावून सांगितलं, “पुटपुटे, आता पुरे झालं. हिला ठेवून मी काय करू?”

म्हातारे, लंगडे, कुणाच्या कामाचे न राहिलेले घोडे नेणारा एक माणूस आहे. त्याचा ट्रक फाटकातून आत आला की पागेत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. घोडे पुढे कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाईसाहेबांनी त्या माणसाला निरोप धाडला होता.

मध्ये पडल्या त्या घोड्यांच्या डॉक्टर. नव्या आलेल्या, वयानं लहान, अंगानं काडी, बोलणं मात्र भरभर. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

“खाज कशाची ते माहीत नाही, मग औषध कशाचं देताय तुम्ही?” त्या म्हणाल्या. “आधी हिला वावडं कशाचं आहे ते बघू या. मानेवर एक चौकोन भादरायचा. त्यात रांगेनं बारीक बारीक सुया टोचायच्या. एका सुईत बुरशीचं पाणी, एकीत गवताच्या परागांचं, एकीत धुळीचं, एकीत डासांचं, चिलटांचं. जे हिच्या अंगाला चालत नाही, त्या जागी गांध उठेल.”

“आणि समजलं की मग?” बाईसाहेबांनी विचारलं.

“ते काय निघतं त्यावर आहे. सुक्या गवताची धूळ निघाली तर सोपं. गवत भिजवून द्यायचं, ठाण धुऊन ठेवायचं. इथंच राहील आणि काम करेल.”

भाऊजी तेव्हा हातात फावडं घेऊन उभे होते. ते खोकले आणि म्हणाले, “धूळच असणार.”

“पुटपुटे, तुम्ही डॉक्टर कधी झालात?” बाईसाहेब म्हणाल्या, पण त्या हसल्या. त्या हसल्या म्हणजे होकार, हे आम्हाला कळतं.

एक अट होती. चाचणीआधी जवळजवळ महिनाभर मिरीला खाजेवरचं कुठलंही औषध द्यायचं नाही. गोळी नाही, सुई नाही, लावायचं काही नाही. औषध अंगात असलं की गांध उठतच नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. डॉक्टर भाऊजींच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “तिचे हाल तुम्हाला बघवणार नाहीत. तरी काही द्यायचं नाही. देणार नाही म्हणा.”

“देणार नाही,” भाऊजी म्हणाले.

तो महिना मी कशाला सांगू? घोडी दिवसभर खांबाला लागलेली. कातडीतून पाणी गळायचं, त्यावर माश्या बसायच्या. भाऊजींचं बाकीचं काम उरकलं की ते तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहायचे. नुसता तळहात, वरून खाली, वरून खाली. हात फिरत असेतो ती खांबाकडे जायची नाही. मध्येच ती त्यांचा दुसरा हात चाटायची. मी दिव्याच्या वाती लावायच्या वेळेपर्यंत मशीन आवरून त्यांच्यासाठी थांबायची, आणि ते म्हणायचे, “वहिनी, तुम्ही पुढे व्हा. आत्ताच जरा शांत झाली आहे.”

घरी हे म्हणायचे, “आमच्या आजारपणात कधी कपाळाला हात लावला नाही ह्यानं.”

“तुम्ही कुठे चाटलंत त्यांना?” मी म्हणायची.

ते गवत भिजवायला एक जुनं पिंप कुठूनसं घेऊन आले. घासून पुसून ठाणाशेजारी ठेवलं. निकाल लागायच्या आधीच. मी देवाजवळ फार मागत नाही, त्याला पुष्कळ मागणारे आहेत. पण तेव्हा मशीनला तेल घालताना रोज म्हणायची, घोडीला जगू दे.

चाचणीच्या दिवशी डॉक्टरांनी मिरीला थोडं गुंगीचं औषध दिलं. तिची मान खाली आली, खालचा ओठ लोंबायला लागला. मानेच्या डाव्या बाजूला मशीननं चौकोन भादरला. केस गेल्यावर खालची कातडी करडी निघाली. त्यावर पेननं ठिपक्यांच्या रांगा आखल्या आणि एकेका ठिपक्यापाशी सुई टोचत गेल्या. दोरी भाऊजींनी धरली होती. प्रत्येक सुईला त्यांचे स्वतःचेच डोळे मिटत होते.

“ह्या दोन सुया बघा,” डॉक्टर बाईसाहेबांना म्हणाल्या. “एकीत नुसतं मिठाचं पाणी आहे. तिथं काही उठता कामा नये. आणि ही दुसरी, हिच्यानं कुठल्याही घोड्याला गांध उठतेच उठते. बाकीच्या सगळ्या ह्या दोघींशी ताडून बघायच्या.”

अर्ध्या तासानं आम्ही सगळे जमलो. मीही सुई-दोरा तसाच ठेवून गेले. डॉक्टरांनी चौकोनावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. मान सपाट होती, पाटीसारखी. बुरशीची जागा सपाट, धुळीची सपाट, चिलटांची सपाट. आणि जिथं उठतेच उठते म्हणाल्या होत्या, तिथंही काही नाही.

डॉक्टरांनी तीच बाटली घेतली आणि शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याच्या मानेवर एक सुई टोचली. थोड्या वेळात तिथं बोराएवढी गांध वर आली.

“माझं औषध चांगलं आहे,” त्या हळू म्हणाल्या. “हिला कुणीतरी काहीतरी दिलं आहे.”

सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं.

“पुटपुटे,” बाईसाहेब म्हणाल्या, “रागावणार नाही मी. खरं सांगा. किती गोळ्या दिल्या?”

“एक नाही.”

“तुमच्याशिवाय तिच्याजवळ जातं कोण?”

“कुणी नाही. तरी मी दिली नाही.” खोकलासुद्धा आला नाही त्यांना. दोरी हातात तशीच धरून उभे होते.

बाईसाहेबांनी कपाळ चोळलं. “मग त्या माणसाला मी थांबवलं आहे, त्याला आता ट्रक घेऊन यायला सांगते. एवढा महिना ह्या जनावराला सोलून काढलं आपण, ते ह्याच्यासाठी?”

घरी आल्यावर ह्यांनी विषय काढला. “दिली असशील तर सांगून टाक. मी असतो तर मीही दिली असती.”

“दादा, मी दिली नाही.”

“अरे, पण डॉक्टर खोटं कशाला बोलेल?”

“डॉक्टर खरं बोलते आहे. मीही खरं बोलतो आहे.”

“दोघं खरे कसे असाल?”

“ते मला ठाऊक नाही,” भाऊजी म्हणाले आणि ताटावरून उठले. जेवण तसंच राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी अन्न टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्याही मनात एकदा येऊन गेलं, की पुडीबिडी दिली असेल का एखादी, मायेनं. मग मलाच माझी लाज वाटली. खोटं बोलायला जेवढं तोंड उघडावं लागतं, तेवढं ह्या माणसानं उघडलेलं मी बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आल्या. काही जागी गांध उशिरानं उठते, ते बघायला यावंच लागतं. मान तशीच सपाट. त्या सामान आवरायला लागल्या, मग थांबल्या. त्या हमखास बाटलीतलं औषध सुईत भरलं आणि मिरीच्या पलीकडे जाऊन मानेच्या उजव्या बाजूला टोचलं. भाऊजींनी दोर धरला होता. दोघं उभे राहिले.

आणि उजवीकडे गांध उठली. मोठी नाही, पण उठली.

डॉक्टरांनी मला खिडकीतून बोलावून घेतलं. “तुम्ही बघा हो, मला भास होतो आहे का?” मी हात लावून बघितलं. वाटाण्याएवढं टणक लागत होतं.

“गोळी पोटात गेली असती तर सगळ्या अंगात पसरली असती,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं असं गोळी करत नाही. काहीतरी डाव्या बाजूला लागलं आहे. हिच्या डाव्या बाजूला कोण असतं?”

हा प्रश्न पागेत कुणी विचारत नाही. घोड्याकडे जायचं ते डावीकडून. दोर बांधायचा डावीकडून, खोगीर डावीकडून, वर चढायचं डावीकडून. का, ते कुणाला माहीत नाही. भाऊजींना ज्यांनी शिकवलं त्यांनी तसं शिकवलं आणि भाऊजी मुलांना तसं शिकवतात. खरारा करताना काय ते पलीकडे जायचं, नाहीतर मोतद्दार घोड्याच्या डाव्या अंगालाच सापडायचा.

“मीच असतो,” भाऊजी म्हणाले.

“हात दाखवा.”

त्यांनी हात पुढे केले. आत्ताच लावून आले होते, बोटं तुकतुकत होती. डॉक्टरांनी त्यांचा तळहात नाकाशी नेला. “काय लावलंत?”

भाऊजींनी खिशातली ट्यूब काढून दिली. डॉक्टरांनी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि डोळे मिटून घेतले.

“हे तर माझं औषध आहे,” भाऊजी म्हणाले. “तिचं नाही.”

“काका, कातडीला माणूस आणि घोडा कळत नाही. हे खाज आणि सूज दाबणारं मलम आहे, आणि तुम्ही महिनाभर रोज ते हिच्या मानेला चोळत होतात.”

ते बघतच राहिले. आधी हातांकडे, मग घोडीच्या मानेकडे. “मी तर नुसता हात फिरवत होतो,” म्हणाले.

“हात चाटते का तुमचे?”

“रोज.”

“चाटून थोडं पोटातही गेलं, म्हणून उजवीकडेही पुरती उठली नाही. आज दुसरीकडे चाचणी केली तरी तिच्यावर भरवसा ठेवता यायचा नाही. पुन्हा तेवढेच दिवस थांबायला हवं.”

डॉक्टर बाईसाहेबांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “हो म्हणाल्या. पण एकदाच. ह्या वेळी निकाल लागला नाही तर ट्रक येणार. आणि काका, तोवर तुम्ही हिच्याजवळ जायचं नाही.”

दुसऱ्या एका मोतद्दाराला मिरीवर नेमलं. तो चांगला माणूस आहे, पण ती त्याला दाद देईना. त्यानं मानेला हात लावला की कान मागे पाडायची. दिवसभर खांबाला घासणं. दुसऱ्या दिवशी शेपटीच्या मुळातून रक्त भिंतीला लागलेलं. भाऊजी चौकाच्या पलीकडे दुसऱ्या घोड्याचे खूर साफ करत होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते उठले, हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, आणि डॉक्टरांना फोन लावायला माझ्या खोलीत आले.

“मी मलम बंद केलं तर जवळ जाऊ का?”

पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं झालं. भाऊजी म्हणाले, “माझ्या हातांचं मी बघतो. तिच्या मानेचं विचारतो आहे.” मग ऐकून घेतलं, मान हलवली, फोन ठेवला. मला म्हणाले, “बंद केल्यावर मध्ये चार दिवस जाऊ देत म्हणाली. मग जवळ जा म्हणाली. हातमोजे घाल म्हणाली.”

मी झुलीच्या अस्तराचे मऊ हातमोजे शिवून दिले. ते त्यांनी पहिल्याच दिवशी खिशात घातले. “वहिनी, मोज्यातून तिची कातडी कुठे तापली आहे ते कळत नाही.”

आठवडाभरात त्यांच्या हातांची काय दशा झाली! बोटांची पेरं उलली. मूठ मिटेना. शर्टाची बटणं मी लावून देऊ लागले, आणि ते लाजेनं भिंतीकडे बघत उभे राहायचे. जेवताना चमचा दोन तळहातांत धरायचे. खाज सुटली की हात टेबलाच्या कडेला घासायचे.

“झालं,” हे म्हणाले, “पागेत एक होती, आता घरात दुसरं. तुझ्यासाठी एक खांब पुरून देऊ का?”

भाऊजी हसले. मग हे उठले आणि मुकाट्यानं त्यांच्या ग्लासात पाणी ओतून ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. ह्यांच्या हातून असं काही घडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

पण पागेत ते रोज मिरीजवळ जायचे. आता बोटांनी नाही, मनगटानं नाहीतर हाताच्या मागच्या बाजूनं मान चोळायचे. तिनं चाटायला तोंड पुढे केलं की हात पाठीमागे घ्यायचे. दोघं आपापली खाज सोसत शेजारी उभी. बाईसाहेब एकदा माझ्या खिडकीशी येऊन थांबल्या, त्या दोघांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “ह्यांना रजा घ्यायला सांगा हो.” मी म्हटलं, “तुम्हीच सांगून बघा.” त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या चाचणीला डॉक्टरांनी उजवी बाजू घेतली. सुया टोचून झाल्या आणि आम्ही सगळे थांबलो. कुणी कामाला गेलं नाही. भाऊजींच्या दोन्ही हातांना मी कापड गुंडाळलं होतं, दोरी त्यांनी कोपरात अडकवून धरली होती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, मध्येच विसरत होते आणि पुन्हा पहिल्यापासून घेत होते.

डॉक्टर वाकल्या. हमखास गांधेच्या जागेवर बोट ठेवलं आणि मग भाऊजींकडे बघून मान डोलावली. उठली होती. चांगली टपोरी.

“आली?” भाऊजी म्हणाले. “सूज आली?” जनावराला सूज आली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. डोळे पुसायला हात वर नेला आणि कापड डोळ्यांत गेलं.

डॉक्टर एकेक ठिपका तपासत गेल्या. मिठाच्या पाण्याची जागा सपाट, म्हणजे चाचणी खरी. बुरशी काही नाही. पराग नाही. धुळीच्या जागेपाशी भाऊजी वाकून बघायला लागले.

“धूळ?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “काहीच नाही.”

त्याखालच्या रांगेत एक जागा अशी फुगली होती की ती लांबूनही दिसत होती. हमखास गांधेपेक्षाही मोठी. ती चिलटांची. दुपारपर्यंत ती आणखी पसरली, दुसऱ्या दिवशीही होतीच.

चिलटं कुठून येतात हे विचारायची गरज नव्हती. पागेच्या मागे कालव्याचं पाणी झिरपून दलदल झाली आहे. ती आमच्या मालकीची नाही आणि तिथं कधी कुणी काही केलेलं नाही. संध्याकाळी तिच्यावर चिलटांचा धूर दिसतो.

“मी पुन्हा झूल शिवते,” मी म्हटलं. “जाड शिवते. दुहेरी जाळी.”

“शिवाच,” डॉक्टर म्हणाल्या, “पण ह्या जागी नुसती झूल पुरणार नाही. लस करून टोचता येईल, पण तिला वर्ष लागेल आणि गुण येईल की नाही सांगता यायचं नाही. हिला इथून हलवा. उंचावर, मोकळ्या वाऱ्यात. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही. तिथं ही औषधाशिवायसुद्धा बरी राहील.”

बाईसाहेबांनी दोन-तीन ठिकाणी फोन केले. वरच्या पठारावर एक वयस्कर जोडपं राहतं, त्यांच्याकडे एकच घोडी आहे आणि तिला सोबत हवी होती. काम काही नाही, नुसतं चरायचं. त्यांनी मिरीला घ्यायचं कबूल केलं. नवरा-बायको सगळं स्वतःच करतात, माणूस ठेवत नाहीत. तरीही भाऊजींसाठी बाईसाहेबांनी त्यांना विचारलं, हे मला नंतर कळलं.

त्यांनी भाऊजींना बोलावलं. “पुटपुटे, मी तुमच्यावर संशय घेतला.”

“संशय खोटा नव्हता बाईसाहेब. माझ्याच हातानं झालं होतं.” मग म्हणाले, “ट्रकवाल्याला निरोप गेला का? येऊ नको म्हणून?”

“गेला.”

“मग झालं.”

ते बाहेर आले आणि ठाणाशेजारचं पिंप गडगडत नेऊन कोठीमागे ठेवलं. देवाकडे मी घोडीचा जीव मागितला होता आणि त्यानं तो दिला होता. ती कुठे राहावी हे मी मागितलं नव्हतं. मागायचं सुचलंच नव्हतं.

तिला न्यायला पठारावरून घोड्यांची गाडी आली, मागे उतरती फळी असलेली. त्या दुसऱ्या मोतद्दारानं दोर धरला. मिरी फळीपर्यंत आली आणि पाय रोवून उभी राहिली. त्यानं चुचकारलं, दाणे दाखवले, मागून दोघांनी रेटलं. ती हलेना. सगळ्यांना माहीत होतं ती कुणाच्या मागून जाईल. भाऊजी पाण्याच्या टाकीपाशी पाठ करून उभे होते. कुणी त्यांना हाक मारली नाही. ते आपणच आले, दोर घेतला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि फळीवरून चालत वर गेले. मिरी त्यांच्या मागून गेली, एकदाही न थांबता.

ते आतून एकटे बाहेर आले आणि फळी उचलून लावली.

“सोबत जा ना,” बाईसाहेब म्हणाल्या. “तिथं सोडा, एक दिवस राहा, मग या. मी रजा देते.”

“नको.”

“का हो? जावंसं वाटतं आहे ना तुम्हाला?”

“मी गाडीत बसलो तर तिला वाटेल, मीही तिथं राहायला आलो आहे,” भाऊजी म्हणाले. “मग मी निघालो की ती वाट बघत बसेल. इथं मागे राहिलेला दिसलो तर बरं.”

गाडी फाटकाबाहेर गेली. आतून ती एकदा खिंकाळली. भाऊजी हलले नाहीत. मग म्हाताऱ्या घोड्याच्या ठाणात गेले आणि खरारा करायला लागले. मी खोलीत येऊन मशीनवर बसले.

त्यांनी मलम पुन्हा सुरू केलं. हात बरे व्हायला वेळ लागला, पण झाले. मिरीचं नाव ते घरात काढत नाहीत, आणि हे त्यांच्यासमोर घोड्यांवरून चेष्टा करत नाहीत.

थंडी जाऊन ऊन तापायला लागलं तेव्हा पठारावरच्या बाईंचा बाईसाहेबांना फोन आला. बाईसाहेबांनी तो माझ्या खोलीत भाऊजींसाठी आणून दिला. भाऊजी बराच वेळ नुसतं ऐकत होते. आयाळ पुन्हा फुटली आहे, खुंट दिसतात. खांबाला जात नाही. मात्र अजून हातातून काही खात नाही, बादलीत ठेवलं तरच खाते. काय करावं, असं त्या विचारत होत्या.

“बादलीतच द्या,” भाऊजी म्हणाले. “हाताची सवय लावू नका.” आणि फोन माझ्याकडे दिला.

बाकीचं मग मीच विचारलं. चिलटं दिसतात का, झूल टिकली का. झुलीची गरजच पडत नाही, त्या बाई म्हणाल्या. तिकडे वारा एवढा असतो की दोरीवर कपडे राहत नाहीत, चिमटे लावले तरी उडून जातात.

मी ते भाऊजींना सांगितलं. ते दारात उभे होते.

“मग बरं आहे,” म्हणाले आणि चंदी वाटायला गेले.